रेघ दिसली तर या

मित्रांनो, मी एका डोंगरी ओढ्यातला जुना दगड आहे. हा ओढा वरच्या कड्याखाली झऱ्यातून निघतो, झाडीतून वाट काढत खाली येतो आणि माझ्या दोन्ही अंगांनी वाहत पुढे जातो. माझी पाठ तेवढी पाण्याबाहेर असते. या पाठीवर पाय ठेवून माणसं एका काठावरून दुसऱ्या काठावर जायची. आता कुणी जात नाही.

दगडाला काय कळतं, असं तुम्हाला वाटेल. ज्याच्या डोक्यात काही शिरत नाही त्याला तुम्ही दगडच म्हणता. म्हणा बापडे, माझी तक्रार नाही. पण एक गोष्ट मला ठाऊक आहे. ती ज्याला सांगायला हवी तो म्हातारा रोज सकाळी माझ्यासमोर येऊन बसतो, आणि मला तोंड नाही. म्हणून तुम्हा डोंगरवेड्यांना सांगतो.

माझा जन्म वरच्या कड्यावरचा. थंडीनं कडा तडकला, माझा तुकडा सुटला आणि मी गडगडत झाडीत येऊन पडलो. मग एका मोठ्या पुरानं मला उचलून ओढ्यात आणून टाकलं. तेव्हा मी चांगला कोपऱ्याकोपऱ्यांचा होतो, आणि मला त्या कोपऱ्यांचा फार तोरा होता. ओढ्यानं तो तोरा उतरवला. किती काळ तो मला घासत होता कुणास ठाऊक. शेवटी माझी पाठ सपाट झाली आणि अंग गोल झालं. खेकडे माझ्या पोटाखाली राहायला आले. संध्याकाळी एक कोल्हा पाणी प्यायला यायचा आणि पाण्यातल्या स्वतःच्या तोंडाकडे बघून दचकायचा. बाकी सगळं शांत असायचं. त्या शांततेचं मला तेव्हा काही वाटलं नाही. आज मात्र ती खायला उठते.

मग एक दिवस तो आला. तेव्हा तो जवान गडी होता. बरोबर त्याची नवी नवरी होती आणि दोघांच्या पाठीवर मिळून एक अख्खा संसार होता. ओढ्यापलीकडं मोकळं कुरण आहे, तिथं त्यांना खोपी बांधायची होती आणि डोंगर चढायला येणाऱ्यांसाठी तंबू लावायचे होते. पण कुरणावर जायचं तर ओढा आडवा. त्यानं पहारीनं इकडचे तिकडचे दगड ढकलून रांगेत बसवले. मला काही तो हलवू शकला नाही. "हा महाराजा आहे तिथंच बसणार," असं म्हणून त्यानं माझ्या दोन्ही बाजूंना बाकीचे दगड लावले आणि मी आपोआप मधला झालो.

बाकीचे दगड बुटके. त्यांच्यावरून थोडंफार पाणी कायमच वाहायचं, त्यामुळं त्यांच्याकडे बघून काही अंदाज यायचा नाही. माझ्या आणि पायवाटेच्या काठाकडच्या पुढच्या दगडाच्या मध्ये ओढ्याची खोल धार आहे. तिथं लांब टांग टाकावी लागते. पाणी वाढलं की ती धार पाय ओढते, हे त्याला पहिल्याच वर्षी कळलं. एकदा टांग टाकताना तो छातीपर्यंत आत गेला आणि काठाखाली लोंबणाऱ्या एका जाड मुळीला धरून कसाबसा वर आला. बायकोनं आधी रडून घेतलं आणि मग त्याला शिव्यांची लाखोली वाहिली. तो निथळत काठावर बसला होता आणि माझ्याकडे बघत होता. पाणी त्या मुळीला टेकलेलं होतं, आणि माझ्या अंगावर ते पाठीच्या वीतभर खालपर्यंत चढलेलं होतं. त्यानं ती जागा ध्यानात ठेवली. पाणी उतरल्यावर खोपीच्या खिडकीचा उरलेला पांढरा रंग आणला आणि माझ्या अंगावर, बरोबर त्या जागी, आडवी रेघ ओढली.

मुळी काठाखाली दडलेली. रेघ मात्र दोन्ही काठांवरून दिसायची. त्यामुळं पुढं सगळं रेघेवर चाललं आणि मुळीकडे बघायचं कुणाला कारण उरलं नाही. रेघ दिसते आहे तोवर ओलांडा, बुडाली की थांबा. त्याच्या बायकोनं तर याचं गाणंच करून टाकलं होतं. पाठीवर पिशव्या घेतलेली पोरंपोरी काठावर आली की ती कमरेवर हात ठेवून ओरडायची, "रेघ दिसली तर या, नाही दिसली तर चहा घ्या!" आणि रेघ बुडालेली असली की खरोखरच किटली चुलीवर चढायची. येणारे पलीकडच्या काठावरच थांबायचे, आणि ज्यांना परत जायचं असेल ते पाणी उतरेपर्यंत खोपीत बसून राहायचे. दोन-दोन दिवस अडकलेले लोकही तिच्या हातचा चहा पिऊन हसत घरी जायचे. कुणी कुरकुर केलीच तर ती म्हणायची, "ओढ्याला घाई नाही, तुम्हाला कसली आली?"

मित्रांनो, ते माझे वैभवाचे दिवस होते. किती तऱ्हेचे पाय मी पाहिले! नव्या कोऱ्या बुटांचे, अंगठा बाहेर आलेल्या चपलांचे, बापाच्या खांद्यावरून हट्टानं उतरलेले इवलेसे अनवाणी पाय. काही जण माझ्यावर उभे राहून फोटो काढायचे. काही जण मला थोपटून "थँक यू आजोबा" म्हणायचे. मी वरून दगडासारखा असायचो, पण आतून फुलून यायचो. ती दोघं हळूहळू सगळ्यांची काका आणि काकू झाली. त्यांची मुलगी माझ्याच पाठीवर बसून पाण्यात पाय सोडायला शिकली, मोठी झाली आणि खाली शहरात नांदायला गेली.

मग काकांना मोतीबिंदू झाला. त्यांना माझी रेघ दिसेनाशी झाली. ते कबूल मात्र करायचे नाहीत. काठावर यायचे, डोळे बारीक करायचे आणि "हं" म्हणायचे. काकू मागून येऊन हळूच सांगायची, "दिसतेय हो. जाऊ द्या त्यांना." नाहीतर, "बुडाली. किटली ठेवते." अशी कितीतरी वर्षं काकूच रेघ बघत होती. तिचं एकदाही चुकलं नाही.

त्यातच एका पुरानं माझ्या पोटाखालची वाळू वाहून नेली आणि मी डुगडुगायला लागलो. माझ्यावर पाय पडला की मी एका अंगाला कलायचो. काकूचे गुडघे आधीच बोलायला लागले होते. ती माझ्यावर यायची तेव्हा तिचा श्वास अडकायचा, आणि मला लाज वाटायची. 

तुमच्यासारखाच डोंगराचं वेड असलेला एक गवंडी दरवर्षी कुरणावर तंबू ठोकून राहायचा. त्याला सगळे मिस्त्री म्हणायचे. मिस्त्री चांगला माणूस होता, हे मी मुद्दाम सांगतो. तो सुट्टीवर यायचा आणि सुट्टीभर खोपीची पडझड दुरुस्त करत बसायचा. त्या वर्षी मुलगी काकांना दोन्ही डोळ्यांच्या ऑपरेशनला शहरात घेऊन गेली होती. मिस्त्रीनं काकूला माझ्यावर धडपडताना पाहिलं आणि तो कळवळला.

"काकू, काका यायच्या आत हा दगड असा बसवतो की हत्ती नाचला तरी हलणार नाही."

"बसवा बाबा. मी एक दिवस यात जाणार आहे बघा," काकू हसत म्हणाली.

ओढा तेव्हा अगदी आटलेला होता. तंबूतली चार दणकट पोरं मदतीला आली. पहारी लावून त्यांनी मला उचललं. मिस्त्रीनं माझ्या पोटाखाली चपट्या दगडांच्या चिपा ठोकून ठोकून बसवल्या. काम खरंच पक्कं झालं. मी हललो नाही. पण मित्रांनो, मी पूर्वीपेक्षा चांगला चार बोटं वर आलो होतो.

तो एवढ्यावर थांबला असता तर कदाचित कुणाला शंका आली असती. पण मिस्त्रीला अर्धवट काम आवडायचं नाही. पाण्याची जुनी पातळी दाखवणारं माझ्या अंगावरचं शेवाळ त्यानं ब्रशनं घासून काढलं. जुनी रेघ पुसट झाली होती. त्यानं पांढरा रंग आणला आणि जुन्या रेघेवर नवी रेघ ओढली. हात असा सरळ की केसभरही इकडेतिकडे नाही. काकूनं टाळ्या वाजवल्या. "आता यांना ऑपरेशनशिवायही दिसली असती!" ती म्हणाली. सगळे हसले. सगळ्यांनी चहा घेतला.

संध्याकाळी पाणी नेहमीएवढंच होतं, पण ते मला नेहमीच्या जागी लागत नव्हतं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की माझ्या अंगावरची रेघ आता खोटी झाली आहे. पाणी मुळीला टेकेल, धार पाय ओढायला लागेल, तरी माझी रेघ कोरडीच राहील. मी ओरडलो असतो. पण माझ्यावरून पाणी गेल्याचाच काय तो आवाज होतो, आणि त्याकडे कुणी लक्ष देत नाही.

काका परत आले ते नवे डोळे घेऊन. काठावर उभे राहिले, त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लहान मुलासारखे ओरडले, "अगं, दिसतेय! पार त्या झाडाखालून दिसतेय!"

"झालं तर मग. आता तुम्हीच बघा रेघ. माझी सुटी," काकू म्हणाली.

हंगाम संपत आला. कुरणावर शेवटचे काही तंबू होते. आवराआवर करून सगळ्यांनी मिळून खाली उतरायचं ठरलं होतं. आदल्या दिवशी वरच्या कड्यावर पाऊस झाला. कुरणावर थेंब नव्हता, ऊन पडलं होतं, पण ओढा गढूळ होऊन फुगला होता. सकाळी सगळे सामान घेऊन काठावर आले. काकूच्या हातात मोठी किटली होती, तीच तेवढी बांधायची राहिली होती.

"काय म्हणतेय रेघ?" तिनं विचारलं. "चहा टाकू का?"

काका पुढं आले. त्यांनी माझ्याकडे नीट, सावकाश पाहिलं. इतक्या वर्षांनी हे काम त्यांच्याकडे परत आलं होतं आणि त्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता. 

"दिसतेय," ते म्हणाले. "चांगली कोरडी आहे. चहा आता खालीच घेऊ."

त्यांनी एकेकाला हात धरून पार केलं. पोरं तरणीताठी होती. एकाचा पाय धारेत सटकला, पण तो उडी मारून पुढं गेला आणि त्याचे मित्र त्याला चिडवायला लागले. मग काका स्वतः टांग टाकून पलीकडच्या दगडावर गेले आणि काकूला हात देण्यासाठी वळले. काकू माझ्यावर येऊन उभी राहिली. मी जराही हललो नाही. मिस्त्रीचं काम पक्कं होतं.

"अहो, पाणी आज फार ओढतंय हो," ती म्हणाली.

"रेघ बघ की! कोरडी ठणठणीत आहे. ये बिनधास्त."

"नवे डोळे बोलतायत," काकू म्हणाली आणि हसली. माझ्यावर उभं राहून माझी रेघ तिला दिसत नव्हती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि पाय उचलला.

पुढचं मी थोडक्यात सांगतो. धारेनं तिचा पाय नेला. काकांच्या हातात तिची बोटं आली होती, ती सुटली. पोरं काठाकाठानं ओरडत धावली. ती सापडली तेव्हा उन्हं कलली होती. किटली मात्र खालच्या वळणावर दोन दगडांत अडकून पडली, ती अजून तिथंच आहे. दगडाला पाझर फुटत नाही, असं म्हणायचं असेल तर म्हणा. त्या दिवशी मी सगळाच ओला होतो, त्यात माझं काय आणि ओढ्याचं काय, कुणाला कळणार?

काकांनी कुरण सोडलं नाही. मुलीनं फार विनवण्या केल्या. एकदा दोघं काठावर बसली होती. काका ओढ्याकडे पाठ करून बसले होते.

"बाबा, ती पोरं सांगतात, रेघ कोरडीच होती."

"माझं मन राखायला बोलतात गं ती."

"सगळीच कशी खोटं बोलतील?"

"मी म्हटलं दिसते, म्हणून त्यांनाही दिसली. इतकी वर्षं तुझी आई बघायची. तिचं कधी चुकलं नाही. मी एकदाच बघितलं."

मुलीनं ओढ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "रेघेतच काही घोटाळा झाला असेल तर?"

 काकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. किती दिवसांनी! ते कधीच विसरून गेलेल्या त्या मुळीकडेही त्यांची नजर गेली. "पाऊस झाला की बघेन," ते हळूच पुटपुटले. मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा आशा वाटली. एकदा पाणी मुळीला टेकू दे, मी मनात म्हटलं, आणि म्हाताऱ्याला दिसू दे की माझी रेघ अजून वरच आहे. बायको परत मिळणार नाही, पण त्याचा डोळा तरी त्याला परत मिळेल.

पावसाच्या आधी मिस्त्री आला. त्याला बातमी उशिरा कळली होती. तो ओढ्यापाशी थांबला आणि मला न्याहाळत राहिला. माझ्या बुडाशी मातीचा काळा पट्टा आहे, पूर्वी मी जेवढा वाळूत रुतलेलो होतो तेवढा. तो पट्टा आता उघडा पडला होता. मिस्त्रीची नजर त्या पट्ट्यावर गेली, मग रेघेवर. त्यानं माझ्या बुडाशी आडवी चार बोटं लावली. मग तीच बोटं रेघेखाली धरून पाहिली. तो मट्‌कन काठावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

काका खोपीतून खाली आले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मिस्त्री, तुमचं काम पक्कं हो. दगड जागचा हललेला नाही. तिला केवढा आनंद झाला होता! माझाच डोळा फसला."

"काका..." मिस्त्री म्हणाला.

"काय?"

मी वाट बघत होतो. माझ्यावरून पाणी वाहत होतं. मिस्त्रीच्या ओठांवर ते आलेलं मी पाहिलं, शपथेवर सांगतो.

"वारा सुटलाय," तो म्हणाला. "आत चला."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तो एकटाच पहार घेऊन पाण्यात उतरला. एकेक करून त्यानं माझ्या पोटाखालच्या चिपा उपसल्या आणि लांब धारेत भिरकावल्या. तो रडत होता. "माफ करा काकू, माफ करा," असं म्हणत होता. जिला म्हणत होता ती ऐकू शकत नव्हती, आणि जो ऐकू शकत होता तो खोपीत झोपला होता. मी खाली बसलो, पुन्हा डुगडुगायला लागलो. काळा पट्टा वाळूत गेला. माझी रेघ पुन्हा खरी झाली. काकांचा चहा न घेताच मिस्त्री डोंगर उतरला, तो पुन्हा आला नाही.

मग पाऊस झाला. काका धावत काठावर आले, म्हाताऱ्या माणसाला जेवढं धावता येतं तेवढे. पाणी चढत होतं. ते पोटावर आडवे झाले आणि वाकून मुळी बघत राहिले. पाणी मुळीला टेकलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझी पांढरी रेघ त्याच क्षणी पाण्याखाली गेली.

ते बराच वेळ तसेच पडून होते. मग उठले, गुडघ्यावरचा चिखल पुसला आणि म्हणाले, "रेघ खरीच आहे गं. मीच."

आता कुरणावर तंबू नाहीत. गवत कमरेएवढं वाढलं आहे. खोपीच्या छपराचा एक कोपरा खचला आहे आणि तो दुरुस्त करायला कुणी नाही. कधी एखादी पोरांची टोळी काठापर्यंत येते. पाणी घोट्याएवढं असलं तरी काका त्यांना हात हलवून परत पाठवतात. पोरं म्हणतात, म्हातारा चक्रम आहे. कोल्हा पुन्हा यायला लागला आहे.

मित्रांनो, तुम्ही डोंगरात जाल, तिथल्या गोष्टींवर माया कराल. करा. पण कुणाच्या भरवशाचा दगड उचलाल तेव्हा, तो कशासाठी तिथं होता, हे आधी विचारा. आणि हातून चूक झालीच, तर तिच्या खुणा पुसू नका. ज्याचं नुकसान झालं त्याच्यासमोर उभे राहा आणि सांगा. त्यानं मारलं तर मार खा. मला तोंड नाही. तुम्हाला आहे.

काका उद्या सकाळीही येतील. काठावर बसून एक डोळा झाकतील, मग दुसरा. दोन्ही डोळ्यांनी त्यांना रेघ तेवढीच स्वच्छ दिसेल, आणि तरी आपला डोळा फसवतो असंच त्यांना वाटेल. मी समोर बसून त्यांना माझी खरी रेघ दाखवत राहीन.